बर्फ वितळायच्या आत

बुळकांडीच्या लसीला ऊन सोसत नसे. कोरड्या पावडरीची कुपी बर्फात असेपर्यंत टिकायची. गोठ्यात पोचून ती थंड सलाइनमध्ये विरघळवली की पुढच्या दोनेक तासांत जनावरं टोचून व्हायला हवीत. आणि जनावरं तर दिवस वर आला की गुराख्यामागं डोंगराला लागतात, मग संध्याकाळपर्यंत कुणाच्या हाती येत नाहीत. म्हणून भोकरदनहून आदल्या संध्याकाळी आणलेला बर्फ थर्मासमध्ये भरून अंधारातच निघायचं आणि गाई सुटायच्या आत वाडीवर पोचायचं. सडकेनं गेलं तर डोंगराला मोठा वळसा पडे. माझे वडील डोंगरावरून जात, सायकल घेऊन.

दादा गुरांच्या दवाखान्यात पट्टीबंधक होते. जालना जिल्हा झाला 1 मे 1981 ला. दादा त्याआधीच, औरंगाबाद जिल्हा असताना नोकरीला लागले होते. सरकारी कागदावर पट्टीबंधक, पण वाड्यावस्त्यांवर सगळे ‘डागदर’ म्हणत. जखमेतल्या अळ्या काढणं, सडलेली खुरं धुणं, पावसाळ्याआधी घटसर्प आणि फऱ्याच्या लसी टोचणं, रात्री-बेरात्री अडलेल्या गाईला मोकळं करणं, हे त्यांचं काम. त्यांच्या बंडीला धुतल्यावरही फिनाइलचा वास राही. काळी हर्क्युलस, कॅरिअरला रेक्सिनची पिशवी, पिशवीत पितळी पिचकारी, कापूस, टिंक्चरची बाटली, आणि हँडलला बांधलेला थर्मास. उतारावर तो हिंदकळू नये म्हणून आईनं त्याला गोधडीच्या तुकड्याची खोळ शिवून दिली होती.

अजिंठ्याच्या रांगेचा हा दक्षिणेकडचा उतार लोकांना फारसा माहीत नाही. भोकरदन, जाफराबादच्या उत्तरेला ही रांग आडवी पसरली आहे. जगभरातून माणसं लेणी पाहायला येतात आणि डोंगराची ही बाजू न पाहताच परत जातात. इथं सह्याद्रीसारखे कडे नाहीत, बेलाग किल्ले नाहीत. काळा कातळ, मुरूम, गारगोट्या, सालई, धावडा, पळस आणि जिकडंतिकडं सीताफळीची झुडपं. चैत्रात डोंगर इतका उघडा पडतो की दगडन् दगड मोजावा. श्रावणात मात्र कुसळी गवत कमरेला येतं आणि वाट दिसतच नाही, ती पायालाच कळावी लागते.

दादांना ती कळायची. चढाला सरळ वर जाणारी वाट ते कधी धरत नसत, ढोरवाट धरत. गाय-म्हैस चढ आडवा कापत, कलत कलत वर जाते, म्हणून तिच्या वाटेवर सायकल ढकलताना दम कमी लागतो आणि उतरताना ब्रेक जळत नाहीत. आज जगभर डोंगरात सायकलवाटा आखणारे लोकही हेच धोरण ठेवतात. वाट डोंगराच्या अंगानं आडवी न्यायची, सरासरी चढ शेकडा दहाच्या आत ठेवायचा, म्हणजे पावसाचं पाणी वाटेवरून न धावता वाट ओलांडून निघून जातं. आमच्याकडच्या वाटा गुरांनी आखल्या होत्या. त्या किती शहाणपणानं आखल्या होत्या हे मला फार उशिरा, गिअरच्या सायकलवर बसल्यावर समजलं.

नदी ओलांडण्याचाही दादांचा एक नियम होता. काठावर समोरासमोर दोन गावं दिसली की मध्ये उतार असणारच. कुणाला विचारायची गरज नाही. माणसं एकमेकांकडं गेल्याशिवाय राहत नाहीत, म्हणत. पुढं असईच्या लढाईविषयी वाचलं तेव्हा मी थबकले. असई आमच्याच भोकरदन तालुक्यात, केळना आणि जुईच्या संगमाजवळ. 21 सप्टेंबर 1803 ला इंग्रज फौजेचे सेनानी वेलस्ली आणि स्टीव्हन्सन बदनापूरला भेटले आणि डोंगर ओलांडायला त्यांनी दोन वेगळ्या वाटा धरल्या. एकाच खिंडीतून एवढं सैन्य नेलं तर वेळ गेला असता आणि दुसऱ्या वाटेनं मराठी फौज निसटली असती. 23 तारखेला वेलस्ली केळनेच्या काठी आला. वाटाड्यांनी सांगितलं, इथं उतार नाही. त्यानं पलीकडं पाहिलं. पिंपळगाव आणि वरूड ही दोन गावं नदीच्या दोन काठांवर समोरासमोर उभी होती. मध्ये वाट असल्याशिवाय ती अशी वसणार नाहीत, असा अंदाज त्यानं बांधला आणि तो खरा ठरला. त्या दिवशी दोन्हीकडची हजारो माणसं मेली, जायबंदी झाली. लेकीसुनांनी, बाजारकऱ्यांनी, गुराख्यांनी पायानं पाडलेल्या उतारावरून तोफा गेल्या. दादांना मी हे वाचून दाखवलं होतं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “त्या दिवशी बैलं किती मेली असतील, ते लिहिलंय का?”

दादा गेले ते श्रावणात. शेवटचे काही आठवडे त्यांना काळवेळेचं भान नव्हतं. पहाटे जाग आली की विचारायचे, “दिवस किती वर आला?” मी पडदा सारून सांगायची, अजून अंधार आहे दादा, निजा. त्यांना बरं वाटायचं. गाई सुटल्या असतील ही काळजी त्यांच्या मनातून अखेरपर्यंत गेली नाही आणि दुसरी एकही काळजी त्यांनी तोंडानं बोलून दाखवली नाही.

दहाव्याला वाड्यांवरची माणसं आली, सगळी मोटरसायकलींवर, सडकेनं. फक्त एक धनगर म्हातारबा डोंगरावरून पायी आले. धोतराला कुसळं चिकटलेली. मी पाणी दिलं तर हातातला तांब्या तसाच धरून म्हणाले, “माय, तुझ्या बापाच्या वाटंनं आलो. हाये अजून. मधी मधी मोडली, पर हाये.”

पाऊस ओसरल्यावर मी त्यांच्यासोबत ती वाट चालले. म्हातारबा पुढं, मी मागं. ते दर थोड्या अंतरावर थांबत आणि काठीनं दाखवत. या धावड्याखाली डागदर सायकल टेकायचे. या कपारीत थर्मास ठेवायचे, इथं दिवसभर ऊन येत नाही. या दगडावर बसून भाकरी खायचे, अर्धी कुत्र्याला. इथं एकदा वासरू पोटात आडवं आलेल्या गाईजवळ रात्र काढली, कंदील मी धरला होता. माझ्या बापाचं अर्धं आयुष्य या डोंगरावर पसरलेलं होतं आणि ते मला दुसऱ्याच्या तोंडून, एकेका झाडापाशी थांबून, ऐकायला मिळत होतं. घरी दादा कामाविषयी फार बोलत नसत. थकून येत, पाय धुत, जेवत, झोपत.

त्या वाटेवर मला स्थानपोथीची आठवण झाली. आमच्या याच रांगेत जाळीचा देव आहे, महानुभावांचं मोठं तीर्थ. चक्रधरस्वामी मराठवाड्यात पायी फिरले. ते गेल्यावर म्हाइंभटांनी त्यांना पाहिलेल्या, ऐकलेल्या माणसांना गाठून गाठून आठवणी गोळा केल्या आणि त्यातून लीळाचरित्र झालं. पुढं चौदाव्या शतकात मुनिव्यासांनी स्थानपोथीत स्वामी कुठल्या गावी कुठं उतरले, कुठं बसले, देऊळ कुठल्या दिशेला, ओटा कुठं, हे एकेक करून नोंदवून ठेवलं. लहानपणी मला या नोंदी कोरड्या वाटत. म्हातारबांच्या मागून चालताना लक्षात आलं की ज्याच्यावर जीव जडला तो माणूस गेल्यावर शिष्यांनी त्याच्या बसण्याच्या जागा शोधत गावोगाव हिंडणं, याहून मोठा शोक मराठीत क्वचितच कुणी लिहून ठेवला असेल. त्यात रडण्याचा एक शब्द नाही. फक्त पूर्वेला, पश्चिमेला, पिंपळाखाली, नदीकाठी.

त्या दिवसापासून मीही वही ठेवली आहे.

वाटा मोडल्या त्याची कारणं मी त्या वहीत लिहिली आहेत, कारण तीही नोंद हवी. पहिलं कारण म्हणजे गुरंच कमी झाली. ट्रॅक्टर आला, बैल गेले; मका, सोयाबीन, मिरचीच्या पिकांत मोकळं चरायला रान उरलं नाही. ढोरवाट ढोरांशिवाय दोन पावसाळे टिकत नाही. दुसरं, सडका झाल्या. 1972 च्या दुष्काळात खडी फोडून झालेल्या रस्त्यांवर पुढं डांबर पडलं आणि वाडीला जायला मोटरसायकल पुरेशी झाली. बाळंतीण बाई दवाखान्यात वेळेत पोचू लागली; या रस्त्यांबद्दल मी वाईट बोलणार नाही. तिसरं, उतारांवर खोदलेले सलग समतल चर. ते वाटेला आडवे येतात, सायकल उचलून घ्यावी लागते. पण 2012-13 चा दुष्काळ ज्यांनी जालन्यात काढला, टँकरमागं घागरी घेऊन धावणाऱ्या बाया ज्यांनी पाहिल्या, ते चराला नाव ठेवणार नाहीत. पाणी मुरू दे. वाट बाजूनं वळवता येते. चौथं कारण मात्र मला मान्य नाही. बांध कोरत कोरत वाट शेतात घेणं.

आणि एक कारण असं की ज्याच्यामुळं मन भरून येतं. बुळकांडी संपली. भारतात 1995 नंतर तिचा रोगी आढळला नाही, आणि 2011 मध्ये तिचं पृथ्वीवरून उच्चाटन झाल्याचं जाहीर झालं. देवीनंतर माणसानं समूळ नाहीसा केलेला हा दुसराच रोग. आफ्रिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या रोगानं गुरांचे कळप साफ झाले होते आणि त्यापाठोपाठ माणसं उपासमारीनं मेली होती. ही बातमी मी दादांना वाचून दाखवली तेव्हा ते निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांनी पेपर मागून घेतला, चष्मा लावून पुन्हा वाचला आणि वाड्यांची नावं घेत बसले, कुठं किती जनावरं टोचली होती ती. त्यांच्या हिशेबात जग म्हणजे त्या वाड्या होत्या. हिशेब चुकीचा नव्हता. जगातला तो रोग अशाच वाटांवरून, असाच थर्मास घेऊन चालणाऱ्या माणसांनी संपवला. पट्टीबंधकांचे पुतळे होत नाहीत. निदान त्यांच्या वाटा राहाव्यात.

माझा भाचा आणि त्याचे मित्र सुटीच्या दिवशी जालन्याहून गिअरच्या सायकली घेऊन येतात. जाड टायर, पुढं सस्पेन्शन, डोक्याला हेल्मेट. गुराखी पोरं त्यांच्यामागं पळतात. फोनवर वाट नोंदवून ठेवता येते, त्यामुळं माझ्या वहीतल्या धावड्याला आणि कपारीला आता अक्षांश-रेखांश मिळाले आहेत. या पोरांवर कुणी कुणी नाराज असतात, हौशी म्हणतात. मला ती हवी आहेत. वाट कुणाच्याही चाकानं जिवंत राहिली तरी चालेल. अन्व्याच्या मढापासून सुरुवात करा, असं मी त्यांना सांगते. मंदिराच्या भिंतीवर विष्णूच्या स्त्रीरूपातल्या मूर्ती आहेत, त्या आधी नीट पाहा, मग डोंगराकडं वळा. परतताना भोकरदनला थांबा. हे प्राचीन भोगवर्धन, पैठणहून उत्तरेकडं जाणाऱ्या व्यापारी मार्गावरचं. इथल्या लोकांनी सांचीच्या स्तूपाला दान दिलं, त्यांच्या गावाचं नाव तिथल्या दगडावर आहे. ती माणसं हीच रांग ओलांडून गेली. वाडीवर पाणी मागून प्या, कुणाच्या उभ्या पिकातून जाऊ नका, आणि मेंढरांचा कळप समोर आला तर सायकलवरून खाली उतरा.

एक तुकडा अजून अडलेला आहे, खिंडीच्या अलीकडचा. तिथं मका उभा आहे. गाव नकाशात पायमार्ग एकेरी तुटक रेषेनं दाखवतात आणि त्याची रुंदी सव्वाआठ फूट धरतात. वाट अडवली तर 1906 च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदाराकडं दाद मागता येते. मला ते सारं ठाऊक आहे, पण अर्ज केलेला नाही. दादांनी त्या शेतकऱ्याच्या बापाच्या गोठ्यात किती पहाटा घालवल्या ते वहीत आहे, आणि असल्या घरावर नोटीस धाडणं त्यांना आवडलं नसतं. मी जाऊन बोलले. तो म्हणाला, “बाई, आठ फूट नाही जमणार. मका निघाल्यावर धुऱ्याकडून दोन फूट सोडतो.” दोन फुटांत सायकल जाते, शेळी जाते, डोक्यावर भारा घेतलेली बाई जाते. मी हो म्हणाले. कणसं मोडायला लागली की पुन्हा जाणार आहे. भाचा दोरी आणि चुना घेऊन येतो म्हणालाय.