बादली आणि हजार डॉलर

सॅन डिएगोजवळ ला होया इथली स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्था. १९०३ मध्ये काम सुरू झालं ते एका हॉटेलाच्या होड्या ठेवायच्या जागेत. १९०७ मध्ये शहराकडून १७० एकर जमीन मिळाली, समुद्राला लागून, एक हजार डॉलरला. तेवढ्यात आज तिथे महिनाभर एखादी खोली भाड्याने मिळाली तरी नशीब.

*

पैसा वर्तमानपत्रांचा. एलन ब्राउनिंग स्क्रिप्स आणि त्यांचा सावत्र भाऊ एडवर्ड. एलनबाईंनी लग्न केलं नाही. ९५ वर्षं जगल्या आणि देत राहिल्या. १९१२ मध्ये संस्था कॅलिफोर्निया विद्यापीठात गेली. आज ती ज्याचा विभाग आहे, ते सॅन डिएगोचं विद्यापीठ निघालं १९६० मध्ये. म्हणजे विभाग आधी, त्याच्याभोवती विद्यापीठ मागाहून.

*

हजार फुटी धक्का, तोही एलनबाईंच्याच पैशाने. होडी लावायची आणि टाक्यांसाठी खारं पाणी ओढायचं, एवढ्यासाठी बांधलेला. ऑगस्ट १९१६ पासून तिथे पाण्याचं रोजचं तापमान आणि खारेपणा टिपून ठेवायला लागले. १९८८ मध्ये धक्का नवा झाला, नोंदवही तीच पुढे चालू.

मला या वहीचं फार अप्रूप वाटतं. इमारतीला देणगीदार मिळतो, जहाजालाही मिळतो. कोनशिला बसवता येते. रोज काढलेल्या बादलीभर पाण्यावर नाव कुठे कोरणार?

*

चार्ल्स कीलिंग इथलेच. १९५८ पासून हवाईतल्या मौना लोआवर हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजत होते. १९६४ मध्ये खर्चात काटछाट झाली आणि फेब्रुवारी ते एप्रिल मोजणी बंद पडली. आज कितीही अनुदान ओता, ते तीन महिने काही मोजता यायचे नाहीत.

*

दुसऱ्या महायुद्धात इथल्या स्वेरड्रुप आणि मंक यांनी किनाऱ्यावर फौजा उतरवण्यासाठी लाटांचा अंदाज बांधायची रीत बसवून दिली. आरमाराला समुद्रविज्ञानाची किंमत तेव्हा कळली. आजही ‘रॉजर रेव्हेल’ आणि ‘सॅली राइड’ ही जहाजं चालवते संस्था, मालक नौदल. कसायचं आपण, सातबारा त्यांचा.

(१९३७ चं जहाज जास्त मजेचं. लुइस स्टोन या सिनेनटाची शौकाची नौका, स्क्रिप्स घराण्यानेच घेऊन दिलेली.)

*

१९६२-६३ मध्ये इथलं ‘आर्गो’ जहाज आपल्या बाजूला येऊन गेलं, आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत. त्याच मोहिमेतून पुढे १९६६ मध्ये गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था निघाली, ती दोनापावलाची.

*

‘फ्लिप’ ही इथली संशोधन-नौका, १९६२ ची. पैसा पुन्हा नौदलाचा. ३५५ फूट लांब, इंजिन नाही, ओढून न्यायची. एका टोकाला पाणी भरलं की समुद्रात सरळ उभी राहायची आणि आतल्या भिंतीची जमीन व्हायची. २०२३ मध्ये निवृत्त झाली. न्हाणीघरात बेसिनं दोन होती: एक आडवी असतानाचं, एक उभी राहिल्यावरचं.