थम, कौन आता है?

पांगोडला येऊन पंधरा दिवसही झाले नव्हते. तिरुवनंतपुरम शहरातलंच हे मिलिटरी स्टेशन. जून महिना, पाऊस असा की छत्री नुसती नावाला. त्या रात्री मी गार्ड कमांडर होतो. पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी सेंट्रीचा आवाज आला, "थम! कौन आता है?"

समोरच्या अंधारातून लगेच कडक उत्तर आलं, "दोस्त!"

बॅटरी मारली तर एक म्हातारा. पंच्याहत्तरीच्या पुढचा. पांढरा शर्ट चिंब भिजलेला, खाकी पँटची इस्त्री पावसानं मोडलेली. बूट मात्र आरशासारखे चमकवलेले, फक्त उजवा डाव्या पायात आणि डावा उजव्या पायात. छाती काढून म्हणाले, "ड्युटी पे आया हूँ. गार्ड को रिलीव करो."

सेंट्री पोरगा नवीन होता, तो फिस्सकन हसला. मला हसू आलं नाही. मला आमचे तात्या दिसले.

आमचं गाव साताऱ्याकडचं. जुनं गाव कण्हेर धरणात गेलं आणि आम्ही वरच्या अंगाला सरकलो. सत्तरी ओलांडल्यावर तात्या रोज संध्याकाळी "घरी जातो" म्हणून निघायचे, ते थेट पाण्याच्या दिशेनं. पोरं मागनं ओरडायची. पारावरची मंडळी म्हणायची, "साठी बुद्धी नाठी." म्हातारचळ हा आमच्याकडचा शब्द, तो एकदा चिकटला की माणसाला माणूस म्हणायची गरज उरत नाही. मी तेव्हा कुपवाड्याला होतो. दादाचा फोन आला, "काय करू? एक दिवस बुडतील." मी पलीकडून सांगितलं, "बाहेरनं कडी लाव." जसं एखाद्या पोस्टला ऑर्डर द्यावी तसं. तात्या त्या खोलीत अकरा महिने जगले. दार वाजवायचे म्हणे. मी सुट्टीवर गेलो तेव्हा वाजवायचंही बंद झालं होतं.

तर त्या म्हाताऱ्याला मी गार्डरूमच्या पडवीत बसवलं, टॉवेल दिला. खिशात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं कार्ड निघालं, त्यावर नाव आणि फोन नंबर. वीस मिनिटांत सून रिक्षानं आली. तुटक हिंदीत म्हणाली, "माफ करना चेट्टा, मैं सो गयी थी." कळलं ते असं: साहेब सुभेदार म्हणून रिटायर झालेले, अठ्ठावीस वर्षं नोकरी, घर तिरुमला जंक्शनच्या मागं. रोज पहाटे युनिटला निघतात. नवरा आखातात, सासूबाई गेलेल्या. ती सांगत होती आणि साहेब तिच्याकडे बघून मला विचारत होते, "ये सिविलियन लेडी कौन है?"

दुसऱ्या दिवशीही आले. आमच्या एकानं चांगल्या मनानंच समजावलं, "साहब, आप तो रिटायर हो गये." त्यांचा चेहरा असा पडला की विचारू नका. कधी, कोणी केलं, माझी चूक काय, असं विचारत राहिले. तिसऱ्या दिवशी तेच.

ईसीएचएस पॉलिक्लिनिकच्या डॉक्टरांना भेटलो. ते म्हणाले, "तुम्ही त्यांना रोज सकाळी नव्यानं रिटायर करताय. त्यांच्यासाठी ती बातमी रोज पहिलीच असते." मग त्यांनी डिमेन्शियाबद्दल बरंच सांगितलं. हा वयाचा दोष नाही, मेंदूचा आजार आहे. अल्झायमर हा त्यातला सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार. २०२३ साली छापून आलेल्या पाहणीनुसार आपल्या देशात साठीपुढच्या शंभरातल्या सुमारे सात जणांना डिमेन्शिया आहे, म्हणजे ८८ लाख माणसं. आपल्या अख्ख्या फौजेच्या कितीतरी पट! केरळात म्हाताऱ्यांचं प्रमाण जास्त, तरुण परदेशात, म्हणून इथं हे काम लवकर सुरू झालं. अल्झायमरच्या रुग्णांसाठी काम करणारी देशपातळीवरची संस्था १९९२ साली कोचीतच उभी राहिली.

मी एसएम साहेबांच्या कानावर घातलं. बाहेरच्या माणसाला गेटच्या आत सोडता येत नाही, ते बरोबरच आहे. पण बॅरियरच्या बाहेर फणसाच्या झाडाखाली खुर्ची ठेवायला कोणाची हरकत असणार? ठरलं. साहेब आले की सेंट्री नेहमीसारखं चॅलेंज करणार, ते "दोस्त" म्हणणार. एका जुन्या वहीत सही घ्यायची, चहा द्यायचा, सुनेला फोन करायचा. आणि म्हणायचं, "साहब, आज आपका रेस्ट है." ही थाप आहे, मला मान्य. पण रेस्ट म्हटलं की त्यांचे खांदे सैल पडायचे आणि ते सुनेबरोबर मुकाट घरी जायचे. नवीन पोरं आधी कुरकुरली, गेटवर हे काय नवीन. महिन्याभरात तीच पोरं पाच वाजून पंधरा मिनिटं झाली की रस्त्याकडे बघायला लागली.

हळूहळू मला दिसलं, की आम्ही काही पहिले नव्हतो. जंक्शनवरच्या रिक्षावाल्यांकडे सुनेचा नंबर आधीपासून होता. बेकरीवाला साहेबांनी उचललेल्या पफची नोंद ठेवायचा, सून महिनाअखेरीला पैसे द्यायची. दुकानात सगळ्यांसमोर "पैसे?" असं कोणी विचारायचं नाही. एकदा साहेब ट्रंक घेऊन रेल्वे स्टेशनला निघाले, सुट्टी संपली म्हणून. रिक्षावाल्यानं "नाही" म्हटलं नाही. ट्रंक रिक्षात घेतली, दोन गल्ल्या फिरवलं आणि "गाडी लेट आहे" म्हणून घरी आणून सोडलं. भाडं घेतलं, साहेबांनीच दिलं. फुकट बसणं त्यांना चाललं नसतं. ट्रंकेत दोन बनियन आणि नातवाचं दप्तर होतं.

सगळं गोड नव्हतं. कधी साहेब चिडायचे, एकदा कप सेंट्रीच्या अंगावर फेकला. पावसाळ्यात दोनदा वाटेत पडले. सुनेच्या डोळ्यांखालचं काळं काही कमी झालं नाही. पण तिनं दाराला बाहेरून कडी लावली नव्हती. मी एकदा विचारलंच, भीती नाही वाटत? म्हणाली, "लगता है. लेकिन रास्ते में सब लोग है ना."

गेल्या मार्चमध्ये माझी मूव्हमेंट ऑर्डर आली. चार्ज देताना पुढच्याला चाव्या, रजिस्टर, सगळं दिलं आणि ती जुनी वही वेगळी दिली. साखर अर्धा चमचा, हेही सांगितलं.

जॉइन व्हायच्या आधी गावी गेलो. शेजारच्या काकू आता भलत्याच वेळी एसटीच्या थांब्यावर जाऊन बसतात, माहेरी जायचं म्हणून. माहेरी आता कोणी नाही. त्यांच्या पोरानं मला विचारलं, दाराला कुलूप कुठलं चांगलं? मी त्याला घेऊन स्टँडवर गेलो. वडापवाल्यानं नंबर लिहून घेतला आणि काचेपाशी चिकटवला. किराणावाला म्हणाला, "बघू." पारावर दोघं-तिघं हसले. दादा माझ्याबरोबर होता, तो काही बोलला नाही. घरी आल्यावर त्यानं तात्यांच्या खोलीची कडी पान्यानं काढली आणि न बोलता माळ्यावर टाकली.