पल्ल्याची धास्ती

2017 साली सरकारी कार्यालयांसाठी 10,000 विजेच्या मोटारी घेण्याची निविदा निघाली. पुढे आमच्याही कार्यालयात तशी एक मोटार आली. गाडी भाडेपट्ट्याची, चालक कंत्राटदाराचा आणि मागच्या आसनावर मी, अशी व्यवस्था.

2019 च्या जून महिन्यात एका बैठकीसाठी मला दिल्लीहून मानेसरला जावे लागले. जाऊन-येऊन अंतर 100 किलोमीटरच्या आसपास. पुस्तिकेतला पल्ला त्याहून थोडा अधिक होता, म्हणून मी निश्चिंत होतो. गुरुग्राम मागे पडताच चालकाने वातानुकूलन बंद केले. बाहेर रणरणते ऊन. मी चिडून कारण विचारले, तर तो म्हणाला, "साहब, लौटना भी तो है."

परतताना बॅटरी 15 टक्क्यांवर आली. यादीतल्या चार्जिंगच्या ठिकाणी गेलो तर यंत्र होते, पण बंद. मग खिडक्या उघड्या ठेवून, ताशी 35-40 च्या वेगाने आम्ही कसेबसे कार्यालय गाठले. फाटकात शिरल्यावर त्याने हळूच सांगितले की मागे एकदा गाडी रस्त्यात थांबली तेव्हा त्याचा दोन दिवसांचा पगार कापला गेला होता. वाहन वेळेवर हजर न झाल्यास एजन्सीच्या देयकातून दोन दिवसांची रक्कम वजा करावी, असे करारात कलम होते आणि एजन्सीने ती रक्कम त्याच्याकडून वसूल केली होती. करारावर सही माझीच होती. पेट्रोलच्या गाड्यांचा जुना मसुदा आम्ही जसाच्या तसा उचलला होता.

फ्रँक नाइट या अर्थतज्ज्ञाने 1921 साली जोखीम आणि अनिश्चितता यांत भेद केला: पहिली मोजता येते, दुसरी येत नाही. एम.ए.ला हे मी पाठ केले होते. समजले त्या दिवशी. प्रमाणपत्रातला पल्ला प्रयोगशाळेतील ठरीव चक्रावर मोजतात. तिथे दिल्लीचा जून नसतो आणि धौला कुआँची कोंडीही नसते. पडद्यावरचा आकडा वातानुकूलन लावताच खाली येतो. पेट्रोलचा काटाही अंदाजच सांगतो, पण पंप कुठे ना कुठे असतोच, म्हणून तिथे धास्ती नसते.

2019 च्या मार्गदर्शक तत्त्वांत शहरात 3 बाय 3 किलोमीटरच्या प्रत्येक चौकोनात आणि महामार्गावर दर 25 किलोमीटरला दोन्ही बाजूंस चार्जिंग केंद्र असावे, असे म्हटले आहे. 2024 च्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत केंद्रांसाठी 2,000 कोटी रुपये ठेवले गेले. आढावा बैठकीत आम्ही उभारलेली केंद्रे मोजतो. आज सकाळी किती चालू आहेत, हा रकाना मी बसलेल्या बैठकांच्या तक्त्यांत क्वचितच दिसला. ती माहिती चालकांकडे असते. कुठल्या केंद्रावर रक्षक दोर ओढून जागा अडवतो, कुठे यंत्र मध्येच थांबते, हे ते एकमेकांना फोनवर कळवतात.

ते कलम काढण्यासाठी टिपणी सादर केली. "पूर्वोदाहरण काय?" असे विचारीत फाइल दोनदा परत आली. असो. अखेर पुढच्या करारात चार्ज संपल्यामुळे होणारा खोळंबा दंडातून वगळला गेला. त्याचे दोन दिवस मात्र परत देता आले नाहीत, कारण जुन्या करारानुसार कपात नियमातच होती.

नवी गाडी कागदावर याच्या दुपटीहून अधिक चालते. चालक तोच आहे. अजूनही निघण्यापूर्वी तो मला एकच विचारतो: "साहब, वापसी कब?"