रूळ बदलताना

मिरज जंक्शनला एके काळी तीन मापांचे रूळ होते. पुण्याहून येऊन कोल्हापूरला जाणारा ब्रॉडगेज, बेळगाव-लोंढ्याकडे निघणारा मीटरगेज आणि पंढरपूर-कुर्डुवाडीमार्गे लातूर गाठणारा बार्शी लाइटचा नॅरोगेज. या तिघांच्या अधेमधे, लांबलचक पत्र्याच्या शेडखाली, माल एका गाडीतून उतरवून दुसऱ्या गाडीत चढवला जायचा. वडील तिथे गुड्स क्लार्क होते, त्यामुळे माझं लहानपण हळदीच्या, गुळाच्या आणि ओलसर गोणपाटाच्या वासात गेलं. हळदीची पोती वाहून हमालांचे पंचे पिवळेधमक झालेले असत, पाठीवर पोतं घेऊन ते फळीवरून चालू लागले की फळी करकरायची, मुकादम मोठ्याने आकडा पुकारायचा आणि लांबून छोट्या गाडीची किनरी शिट्टी ऐकू यायची. आषाढीच्या दिवसांत त्या छोट्या गाडीच्या टपावरही वारकरी बसलेले असायचे, आणि गाडी हलली की टाळ आणि डबे एकदमच खणखणायला लागायचे. जिथे रुळाचं माप बदलतं तिथे मालाला थांबावं लागतं, उतरावं लागतं, कुणाच्या तरी हाताखालून जावं लागतं, ही गोष्ट मला भूगोलाच्या पुस्तकाआधी त्या शेडने शिकवली.

१९९४ साली, बँकेतून बिनपगारी रजा घेऊन, साठवलेले सगळे पैसे बरोबर बांधून मी एकटाच जग पाहायला निघालो, तेव्हा आईने जुन्या मांजरपाटाची एक चपटी पिशवी शिवून दिली होती. ती कमरेला, शर्टाच्या आत बांधायची. तिच्यात पासपोर्ट, पीतज्वराची लस टोचल्याचा पिवळा दाखला आणि ट्रॅव्हलर्स चेकची जाडसर पुस्तिका. त्या चेकांवर घेताना एक सही करायची आणि वटवताना बँकेच्या माणसासमोर दुसरी. तो दोन्ही सह्या जुळवून बघेपर्यंत श्वास रोखून उभं राहायचं. घामाचा, छापील कागदाचा आणि धुवट कापडाचा मिळून त्या पिशवीला जो वास आला होता तो पुढे कित्येक महिने माझ्या अंगाचाच वास झाला. सॅकमध्ये मेतकुटाचा डबा होता, आणि अगदी तळाशी, मोज्यांच्या आत, उटण्याची एक पुडी. दिवाळीपर्यंत मी परतणार नाही हे आईला ठाऊक होतं. ती त्याबद्दल काही बोलली नाही, पुडी मात्र तिने विसरू दिली नाही.

नैरोबीला उतरलो तेव्हा हवेत गारवा होता, आणि रिव्हर रोडवरच्या लॉजच्या खिडकीतून रात्रभर मटाटूंचे, म्हणजे तिथल्या छोट्या प्रवासी बसगाड्यांचे, हॉर्न आणि कंडक्टरांच्या आरोळ्या येत राहायच्या. पण मला मोंबासाची गाडी गाठायची होती. १८९६ ते १९०१ या काळात हिंदुस्थानातून नेलेल्या हजारो मजुरांनी बांधलेला तो रेल्वेमार्ग, मीटरगेजचा, म्हणजे आमच्या बेळगावच्या गाडीच्याच मापाचा. संध्याकाळी गाडी सुटली, आणि थोड्याच वेळात पांढऱ्या कोटातला वाढपी छोटी घंटा वाजवत जेवायला बोलावत डब्याडब्यातून गेला. जेवणाच्या डब्यात खळीचे, जरा विरलेले टेबलक्लॉथ, जड काटेचमचे, आणि वळणावर बशीच्या काठाकडे सरकणारं सूप. रात्री बर्थवर पडून डोळे मिटले तर चाकांचा ठेका ओळखीचा निघाला. रुळांच्या सांध्यांवरून जाताना मीटरगेजचा डबा ज्या लयीत हलतो ती लय अंगात लहानपणापासून मुरलेली होती. पहाटे खिडकी उघडली तर दमट, खारट वारा आत आला, बाहेर नारळी होत्या, लाल मातीच्या वाटेवर डोक्यावर पाण्याचे डबे घेतलेल्या बायका होत्या, आणि परदेशात आल्यापासून प्रथमच मला भूक लागली.

तिथून बसने दारेसलाम, आणि दारेसलामहून टाझारा. चीनच्या मदतीने १९७० ते ७५ या वर्षांत उभा राहिलेला हा १,८६० किलोमीटरचा मार्ग टांझानियातून झांबियातल्या कापिरी म्पोशीपर्यंत जातो. झांबियाचं तांबं गोऱ्यांच्या राजवटींच्या मुलखातून न नेता समुद्राला पोचवायचं म्हणून तो बांधला गेला. याचं माप आणखी निराळं, १,०६७ मिलिमीटर. गाडी तेव्हा सेलूच्या अभयारण्यातून जायची. उन्हं कलताना खिडकीशी बसलेल्या एका मुलाने माझा खांदा दाबला आणि बोट दाखवलं. बाभळींच्या वर माना काढून जिराफ उभे होते, आणि सगळा डबा, रोज त्या वाटेने जाणारी माणसंसुद्धा, उठून खिडक्यांपाशी आली. रात्री-बेरात्री गाडी कुठेही थांबायची. अंधारात कंदिलांच्या उजेडात केळी, भाजलेले शेंगदाणे, तळलेले मासे घेऊन पोरी धावत यायच्या; शेंगदाण्यांच्या पुडीला राखेचा वास असायचा. गाडीला उशीर किती झाला हे कुणी कुणाला विचारत नव्हतं.

त्या काळी घरची खबर मिळायची ती पोस्टातच. मिरजेला आमच्याकडे फोन नव्हता. शेजारच्या काकूंचा पी.पी. नंबर होता, आणि परदेशातून फोन करायचा म्हणजे मिनिटागणिक दिवसाच्या जेवणाचे पैसे जायचे. म्हणून निघण्यापूर्वी मी वडिलांना एक कागद लिहून दिला होता: अमुक महिन्यात अमुक शहर, पत्ता ‘पोस्ट रेस्टांट, मुख्य टपाल कार्यालय’. जगातल्या बहुतेक मोठ्या टपाल कार्यालयांत अशी एक खिडकी असायची. वाटसरूंची पत्रं तिथे आडनावाच्या आद्याक्षराप्रमाणे लावून काही आठवडे जपून ठेवायची, आणि पासपोर्ट दाखवला की द्यायची, एवढंच तिचं काम.

लुसाकाहून विमानाने युरोप गाठून इस्तंबूलला पोचलो तेव्हा पहिला मुक्काम सिर्केजीच्या टपाल कार्यालयातच केला म्हणायला हरकत नाही. ओरिएंट एक्स्प्रेसचं अखेरचं स्टेशन सिर्केजी, आणि त्याच्याजवळच १९०९ मध्ये पुरी झालेली ती भव्य इमारत. उंच दालन, वरून झिरपणारा उजेड, शाईचा, डिंकाचा आणि जुन्या लाकडाचा वास. कारकुनाने माझ्या आडनावाचा कप्पा काढला, अंगठा ओला करून एकेक पाकीट उलटलं आणि मान हलवली. मग नावाचा कप्पा. तिथेही नाही. मी वळलो, तेवढ्यात त्याने हाताने थांबवलं, पासपोर्ट पुन्हा मागून घेतला, आणि शांतपणे एकापाठोपाठ एक कप्पे चाळू लागला. पत्र निघालं ‘सी’च्या कप्प्यात. वडिलांनी इंग्रजी पत्त्यातही माझ्या नावाआधी ‘चि.’ लिहिलं होतं. त्या कारकुनाने पाकीट दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरलं, आणि माझ्याइतकाच तोही हसला.

बाहेर पायरीवर बसून, एका हातात तीळ लावलेलं सिमित आणि शेजारी चहाचा नाजूक पेला ठेवून मी ते वाचलं. अनेक आशीर्वाद, इकडील सर्व क्षेम. कृष्णेला पाणी चढलं होतं, ते उतरलं. भुईमूग बरा आहे. गच्चीची गळती थांबवली. आईचा गुडघा दुखतो, पण तिने कळवू नको म्हटलंय. पत्र चांगलं महिना-दीड महिन्यापूर्वीचं होतं. त्यातला पाऊस केव्हाच ओसरला होता, भुईमूगही निघाला असेल. तरीही समोरच्या ट्रॅमच्या खडखडाटात आणि सीगलांच्या ओरडण्यात माझ्याभोवती आमच्या मिरजेचा पाऊस पडत होता. ते पत्र मी पुढच्या पत्रापर्यंत रोज वाचलं. घड्यांवर ते विरलं आणि मांजरपाटाच्या पिशवीचा वास त्यालाही लागला.

युरोपातल्या रात्रीच्या गाड्या मी थॉमस कुकच्या लाल मुखपृष्ठाच्या वेळापत्रकातून शोधायचो. लॉजचं भाडं वाचावं म्हणून रात्र गाडीत काढायची, आणि झोप येईपर्यंत दोन देशांमधल्या जोड-गाड्यांखाली पेन्सिलने रेघा मारत बसायचं. पोलंड ओलांडून ब्रेस्टला पोचलो तेव्हा रशियन माप सुरू झालं, आणि ऑक्टोबर संपता संपता मॉस्कोहून मंगोलियामार्गे बीजिंगला जाणारी गाडी पकडली. ७,६०० किलोमीटरहून लांबचा प्रवास, चारजणांचा खण, प्रत्येक डब्याच्या टोकाला कोळशावर पाणी उकळणारा बंब. मधल्या जागेत कोळशाच्या धुराचा, शेपूच्या पाल्यात उकडलेल्या बटाट्यांचा आणि चामड्याचा वास. कारण गाडीतले चिनी व्यापारी प्रत्येक स्टेशनवर खिडकीतून चामडी जाकिटं विकत, आणि खाली बर्फात उभी असलेली रशियन माणसं पैसे मोजून वर देत. समोरच्या बाकावरची मंगोल आजी उलानबातरला घरी चालली होती. तिने मला वाळवलेल्या दह्याचा दगडासारखा कठीण तुकडा दिला, मी तिला मेतकूट दिलं. ती ते चिमटीने जिभेवर ठेवून बराच वेळ डोळे मिटून बसली, आणि मग तिने पुन्हा हात पुढे केला.

उरल ओलांडून गाडी सैबेरियात शिरली तेव्हा नरक चतुर्दशी आली. पहाट कोणती धरायची हाच प्रश्न होता, कारण रशियाभर स्टेशनांवरची घड्याळं मॉस्कोची वेळ दाखवायची आणि बाहेरचा सूर्य आपल्या मनाने उगवायचा. मी काळोख प्रमाण मानला. बंबातून कढत पाणी थर्मासमध्ये घेतलं, न्हाणीच्या इवल्याशा खोलीत गार पाण्यात मिसळलं, आईची पुडी सोडली. नागरमोथा, वाळा, आंबेहळद, कचोरा यांचा वास वाफेबरोबर असा भरून आला की मला भिंतीला हात लावून उभं राहावं लागलं. पायाखाली गाडी हेलकावत होती, खिडकीच्या काचेवर आतून बर्फाची नक्षी धरली होती, दातावर दात वाजत होते, आणि मी पेल्यापेल्याने अभ्यंगस्नान केलं. डब्यात परतल्यावर आजीने माझं मनगट हातात घेऊन हुंगलं आणि आपल्या पेल्यातला चहा माझ्या पेल्यात ओतला. ती माझी त्या वर्षीची दिवाळी. तिच्याइतकी उजळ दिवाळी मला क्वचितच लाभली आहे.

मग बैकाल, गोबीचं वाळवंट, आणि रात्री चीनच्या हद्दीतलं एर्लियान. रशिया-मंगोलियाचा रूळ १,५२० मिलिमीटरचा, चीनचा १,४३५. फरक ८५ मिलिमीटर, जेमतेम चार बोटांचा. पण त्या चार बोटांसाठी अख्खी गाडी शेडमध्ये ढकलत नेतात, डबे एकेक करून सोडवतात आणि माणसांसकट जॅकवर उचलतात. मी खिडकीतून बाहेर झुकून पाहत होतो. खाली तेलकट निळ्या कपड्यांतली माणसं हातोडीने ठोकून बघत होती. जुनी चाकं घरंगळत निघून गेली, नवी आली, आणि डबा त्यांच्यावर इतका अलगद टेकला की फळीवरचा माझा पेला वाजलासुद्धा नाही. ग्रीसचा आणि थंड लोखंडाचा तो वास मी लगेच ओळखला. काम चालू असताना काही तास कुणालाच कुठे जाता येत नव्हतं. डब्यात पत्ते निघाले, संत्री सोलली गेली, शेजारच्या खणातल्या एका व्यापाऱ्याने आपल्या मुलीचा फोटो दाखवला. साऱ्या प्रवासात मला माणसं भेटली ती बहुतेक अशाच जागी, जिथे रूळ बदलत होते आणि थांबण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

आता ते सगळं मागे पडलं. नैरोबी-मोंबासाला २०१७ पासून नव्या, रुंद रुळांवरची जलद गाडी धावते आणि घंटा वाजवणारा वाढपी इतिहासजमा झाला. थॉमस कुकने लाल वेळापत्रक २०१३ मध्ये थांबवलं. रशियन स्टेशनांवरची घड्याळं २०१८ पासून आपापल्या गावची वेळ दाखवू लागली. आपल्या रेल्वेने १९९२ मध्ये युनिगेजची मोहीम हाती घेतली आणि मिरजेतही एकच माप उरलं; त्यामुळे किती हमालांच्या पाठी वाचल्या ते मी लहानपणी डोळ्यांनी पाहिलेल्या ओझ्यांवरून सांगू शकतो. फोनने तर सगळं जगच युनिगेज करून टाकलं. कुठे उतरायला नको, कुणाला विचारायला नको.

मला हा बदल नकोसा वाटत नाही. माझी पुतणी परवा बोलिव्हियात एकटी फिरत होती. उयुनीच्या मिठाच्या पठारावरून, साडेतीन हजार मीटरांहून अधिक उंचीवरून तिने व्हिडिओ कॉल लावला, आणि माझ्या आईने मिरजेच्या घरात पलंगावर बसून ती अफाट पांढरी जमीन पाहिली. “अगं, कानाला काही बांधलंस का?” एवढंच तिने आधी विचारलं. फोन ठेवल्यावर ती माझ्याकडे वळून म्हणाली, “तुझ्या वेळी हे असतं तर मीही रात्रीची झोपले असते रे.” पत्रांच्या वाटेत मी जे महिने आनंदात घालवले, तेच महिने घरी कुणीतरी जागून काढत होतं. प्रवाशाला वाट पाहणं गोड लागतं, घराला नाही. पुतणीची खुशाली रोज कळते आणि आई शांत झोपते, हे माझ्या साऱ्या आठवणींहून मोलाचं आहे.

तरी एक मागणं आहे. माझी त्या वेळची पत्रं आईच्या कपाटात स्टीलच्या डब्यात आहेत आणि ती अजून वाचली जातात. पुतणीचे पहिल्या सफरीचे निरोप बिघडलेल्या जुन्या फोनबरोबर गेले. तेव्हा तरुण मित्रमैत्रिणींनो, फोन जरूर न्या, रोज खुशाली कळवा. पण लांबच्या प्रवासात एकदा तरी एखाद्या गावी विनाकारण एक दिवस जास्त थांबा, तिथलं पोस्ट शोधून काढा आणि घरी कागदावर पत्र लिहा. तिथे काय शिजतंय, कसला वास येतोय, शेजारी कोण बसलंय, ते सगळं लिहा. पत्ता स्वच्छ अक्षरात घाला, पिनकोडसकट. पत्राआधी तुम्हीच घरी पोचलात तरी बिघडत नाही. घरच्यांना ते हवंच असतं.