जवळून मिळालेलं गिधाड

गिधाडाच्या पापणीची कड मोजता येईल इतका जवळचा फोटो कुणी दाखवला, की मी आधी विचारतो, ‘पक्षी पिंजऱ्यातला होता की आजारी?’ लोकांना राग येतो. पण धडधाकट गिधाड माणसाला जवळ येऊ देत नाही. लांब चोचीची गिधाडं कड्याच्या कपारीत बसतात, पांढऱ्या पाठीची उंच झाडांच्या शेंड्यांवर. खाली उतरतात ती मढ्यावर, आणि तिथंही चाहूल लागली की पोट जड असलं तरी धडपडत उठतात. सहाशेची लेन्स लावूनही चौकटीत पक्षी पेरूएवढा दिसतो. गिधाडांच्या फोटोग्राफीत सगळ्यात जास्त काय येत असेल, तर ते आभाळ.

सायवनला मला गिधाड मिळालं ते दहा-बारा पावलांवर, आणि तेही छपराखाली.

गेलो होतो गव्हाणी घुबडासाठी. डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात गवताच्या जुन्या वखारी अजून कुठं कुठं उभ्या आहेत. पावसाळा सरला की डोंगरउतारांवरचं गवत कापायचं, वखारीत रचायचं, गठ्ठे बांधून मुंबईच्या तबेल्यांना पाठवायचं, असा हा धंदा. १९४५ साली गोदावरी परुळेकरांच्या मागं वारली उभे राहिले ते वेठबिगारीविरुद्ध आणि याच गवतकापणीच्या मजुरीसाठी, हे इथल्या म्हाताऱ्यांना सांगावं लागत नाही. आता गवताची ती उलाढाल राहिली नाही. सायवनहून गंभीरगडाकडे जाताना आतल्या बाजूला अशी एक वखार आहे. (नेमकी कुठं, ते घुबडाच्या भल्यासाठी सांगत नाही.) अर्धी कौलं, अर्धे पत्रे, एका बाजूला कारवीचा कुड पार कोसळलेला. मे महिन्यात ती रिकामीच होती. तळाला पावलीचा थर आणि आढ्याखालच्या तुळईच्या बरोबर खाली घुबडाच्या उलटीच्या काळ्या गोळ्या. एक फोडली तर आत उंदराची अख्खी कवटी, पिवळे दात जागच्या जागी. म्हणूनच वखारवाले घुबडाला हाकलत नाहीत.

वखार राखणारे बाबा दारातच थांबले आणि म्हणाले, ‘‘दादा, घुबड वर आहे. पण खाली कोपऱ्यात दुसरंच कोणीतरी बसलंय. सकाळपासून हललं नाही.’’

कोपऱ्यात अंधार होता. आधी वास आला, आंबूस, कातडी कमावतात तिथं येतो तसा. मग फूत्कार. डोळे सरावल्यावर पांढुरक्या लवेची लांब मान दिसली, काळी चोच, आणि गडद तपकिरी अंगावर छातीकडून पोटाकडे उतरलेल्या फिकट बारीक रेघा. पाठीवर पांढरं काहीच नव्हतं. पांढऱ्या पाठीच्या गिधाडाचं पिल्लू असंच असतं. ज्या पाठीवरून त्याला नाव मिळालं, ती पांढरी व्हायला काही वर्षं जावी लागतात. हिवाळ्यात हिमालयीन गिधाडांची पिल्लंही खाली महाराष्ट्रापर्यंत भटकतात आणि भल्याभल्यांना चकवतात. ते दिवस हिवाळ्याचे नव्हते, तरी मी शेपटी मोजायची ठरवली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडाला शेपटीची पिसं बारा, त्याच्या इथल्या भावंडांना चौदा. पूर्वी एवढ्या एका फरकावरून शास्त्रज्ञांनी त्याला वेगळ्या प्रजातीगटात टाकलं होतं.

ते आत आलं कसं, याचा अंदाज करता येतो. पडलेल्या कुडाच्या बाजूनं, सावलीसाठी. मे महिना म्हणजे घरट्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लांचा उमेदवारीचा काळ. वाऱ्याचे ऊर्ध्व झोत पकडता येत नाहीत, ढोर सापडत नाही, सापडलं तर मोठी गिधाडं आणि कुत्री पुढं घुसू देत नाहीत. तहानेनं आणि उपासानं ती जमिनीवर येतात. एकदा छपराखाली शिरलं की बाहेर पडणं कठीण. चार-पाच किलोचं अंग आणि दोन मीटरहून लांब पंख जमिनीवरून उचलायला विमानासारखी धाव लागते, आणि वखारीत धावायला जागा कुठली?

अमेरिकेत हे दृश्य पाहून कुणी वळूनही बघितलं नसतं. तिथली टर्की व्हल्चर आणि काळी गिधाडं पडक्या कोठारांत बिनदिक्कत राहतात. घरटं बांधण्याच्या भानगडीत न पडता सरळ जमिनीवर अंडी घालतात. दिसायला, वागायला गिधाडं, पण कूळ आपल्या गिधाडांपेक्षा वेगळं. हा फरक नुसता पुस्तकी राहिलेला नाही. डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाची जी मात्रा आपल्या गिधाडांना मारते, तिच्या शंभरपटीहून जास्त मात्रा टर्की व्हल्चरनं पचवल्याचं प्रयोगात दिसलं.

आपल्याकडे काय झालं, ते थोडक्यात सांगतो. १९९०च्या दशकात भरतपूरच्या केवलादेव उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या डॉ. विभू प्रकाश यांनी गिधाडं घटत असल्याचं नोंदवलं. २००४ साली लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानातल्या मेलेल्या गिधाडांचा छडा लावून ‘नेचर’मध्ये कारण मांडलं: दुखऱ्या गुरांना टोचलं जाणारं डायक्लोफेनॅक. इंजेक्शननंतर लवकरच जनावर मेलं तर औषध मांसात राहतं. ते खाल्लं की गिधाडाची मूत्रपिंडं निकामी होतात आणि आतल्या अवयवांवर युरिक आम्लाचा खडूसारखा पांढरा थर चढतो. शंभरातलं एखादं मढंही विषारी नसलं, तरी नाश व्हायला पुरतं, कारण एका ढोरावर सगळा थवा जेवतो आणि जोडी वर्षाला एकच अंडं घालते. १९९२ ते २००७ या काळात भारतात पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९.९ टक्के घटली. २००६ साली जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आली. मग माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जाऊ लागल्या, म्हणून २०१५ साली कुपी तीन मिलिलिटरवर आणली. २०२३ साली केटोप्रोफेन आणि एसिक्लोफेनॅकही गुरांसाठी बंद झाली. मेलॉक्सिकॅमसारखं निर्धोक औषध हाताशी असताना एवढी वर्षं का लागावीत, हे मला आजवर कुणी पटवून देऊ शकलेलं नाही. मृतदेह गिधाडांच्या हवाली करणाऱ्या पारशांना मुंबईत डोंगरवाडीवर उन्हाची धग एकवटणारी यंत्रं बसवावी लागली. ज्यांच्या पूर्वजांनी इथून जवळच्या बाहरोट डोंगरातल्या गुहेत इराणशाहचा पवित्र अग्नी लपवून सांभाळला, त्या समाजावर ही वेळ यावी.

तर कोपऱ्यातलं पिल्लू. मान खाली टाकून बसलं होतं. एवढ्यावरून विषबाधेचं निदान करणारे पुष्कळ भेटतात, पण कडक उन्हात निरोगी गिधाडंही मान लोंबती ठेवतात. खरी माहिती फोटोतून मिळते, ती आपण सहसा टिपत नाही अशा भागांतून. गळ्याखालची पोतडी भरली आहे की रिकामी? पाठीवर यंत्र किंवा पंखावर बिल्ला आहे का? २०२४ साली पिंजोरच्या प्रजनन केंद्रातली गिधाडं ताडोबा आणि पेंचमधून सोडली, त्यांच्या पाठीवर ठावठिकाणा कळवणारी यंत्रं होती. त्यातलं एक पार तमिळनाडूपर्यंत गेलं. म्हणजे डहाणूत यायला त्यांना कुणाची परवानगी लागणार नाही. पायात कडं, नाकपुड्यांभोवती ओल, पंख दोन्ही सारखे लटकलेत की एकच, हे सगळं चार फ्रेममध्ये मावतं. फ्लॅश नाही, शटरचा आवाज बंद, आयएसओ चढवून दाणे आले तर आले. तेवढं टिपून मी मागं सरलो. आणखी पुढं गेलो असतो तर त्यानं पोटात असेल-नसेल ते ओकून टाकलं असतं. घाबरलेलं गिधाड हलकं व्हायला तेच करतं, आणि उपाशी पिल्लाला ते परवडत नाही.

बाबांनी पाण्याचा तांब्या आणला होता. चोच उघडून ओतायचं नाही, हे त्यांना सांगावं लागलं. पाणी श्वासनळीत जातं. पसरट घमेल्यात भरून लांब ठेवलं. वन विभागाच्या १९२६ वर फोन केला. गिधाड वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असल्यानं उचलण्याचा अधिकार आपल्याला नाही, आणि त्या चोचीशी झटापट करण्यात अर्थही नाही. तोवर दाराशी पोरं जमली होती, मोबाइल काढून. बाबांनी काठी आपटली तेव्हा कुठं पांगली. मग स्वतः उकिडवं बसून ते सांगत राहिले, की त्यांच्या लहानपणी ढोर मेलं की गावाबाहेर ओढून टाकायचं आणि संध्याकाळपर्यंत नुसती हाडं. आता खड्डा खणावा लागतो, आणि खणायला माणूस मिळत नाही.

वनरक्षक आले, त्यांनी चादर टाकून ते शिताफीनं खोक्यात घेतलं. अंग वाळलेलं होतं, विष नव्हतं. पुढं ते सावरलं.

ते फोटो अंकासाठी संपादकांनी मागितले होते. मी दिले नाहीत. एक तर ते फोटो म्हणून सुमार आहेत. आणि छापले की लोक वखारी शोधत फिरतील. ज्यांना खरंच गिधाडं टिपायची आहेत त्यांनी नाशिक जिल्ह्यात हरसूलजवळच्या खोरीपाड्याला जावं. तिथं वन विभाग आणि गावकरी मेलेली जनावरं कुंपणातल्या मोकळ्या जागेत ठेवतात, आणि पांढऱ्या पाठीची व लांब चोचीची गिधाडं उतरतात. आधी वन विभागाची परवानगी काढा. उजाडण्यापूर्वी आडोशाला बसा. ऊन तापून हवा वर चढायला लागेपर्यंत वर कुणी दिसणार नाही. एक आलं की बाकीची कुठून येतात ते कळत नाही. मोठी लेन्स न्या, पण एखादी छोटीही ठेवा, कारण भांडणं सुरू झाली की चौकट अपुरी पडते. आणि बसण्याआधी वाऱ्याची दिशा पाहा. नाहीतर घरून नेलेला डबा तसाच परत आणावा लागतो.