कुणाच्या पायांवर

बोट लागणे या विषयातला मी अधिकारी माणूस आहे. भाऊच्या धक्क्यावरून लाँच सुटते न सुटते तोच मी बायकोकडे लिंबू मागतो. त्यामुळे समुद्रावरच्या कादंबऱ्या मी जमिनीवर, आणि तेही भिंतीला घट्ट टेकून वाचतो. जॅक लंडनची १९०४ सालची 'द सी-वूल्फ' अशीच वाचायला घेतली, आणि पहिल्याच प्रकरणात मला बोट लागली.

कारण नायक हंफ्री व्हॅन वेडन हा माझा जातभाई निघाला. म्हणजे समीक्षक. (मीही पुस्तकांची परीक्षणं लिहितो. मानधन विचारू नका. मीसुद्धा विचारत नाही.) हे गृहस्थ सान फ्रान्सिस्कोच्या उपसागरातून फेरीबोटीनं निघालेत. बाहेर दाट धुकं, पण स्वारी खुशीत. बोट हाकायचं ज्ञान दुसऱ्याला आहे म्हणून तर आपल्याला एडगर अॅलन पोवर चिंतन करायला फुरसत मिळते. केवढी ही सुंदर श्रमविभागणी, असं मनात चाललेलं! त्यात एक लठ्ठ गृहस्थ मासिक उघडून नेमका ह्यांचाच लेख वाचतोय. आपला लेख वाचणारा माणूस प्रत्यक्ष दिसणं हे भाग्य आम्हा समीक्षकांत फार थोड्यांना लाभतं. पण लंडन मोठा दुष्ट. थोड्याच वेळात दुसरी बोट येऊन आदळते आणि चिंतन पाण्यात.

पाण्यातून त्याला उचलतं ते 'घोस्ट' नावाचं शिडाचं जहाज, सीलच्या शिकारीसाठी जपानच्या बाजूला निघालेलं. कप्तान वुल्फ लार्सन. अंगात राक्षसाचं बळ, आणि खोलीत शेक्सपिअर, डार्विन. आमच्या गल्लीतला दादा दुपारी 'ज्ञानेश्वरी' वाचताना सापडावा, तसलाच प्रकार. पोटासाठी काय करतोस, हा त्याचा साधा प्रश्न. नायक अडखळतो. मिळकत वडिलांची. लार्सन त्याचा मऊ हात उलटसुलट करून पाहतो आणि सुनावतो, की तू मेलेल्या माणसाच्या पायांवर उभा आहेस. मग किनाऱ्यावर सोडायचं राहिलं बाजूला. महिना वीस डॉलरवर त्याला स्वयंपाक्याच्या हाताखाली जुंपतो.

इथं मी पुस्तक मिटलं. ज्या भिंतीला टेकून वाचत होतो, ती वडिलांची. पोस्टात उभ्यानं टपाल निवडून निवडून त्यांनी ब्लॉकचे हप्ते फेडले. ते गेल्यावर दारावरची पाटी तेवढी मी बदलली.

पुढं वाचणं भाग होतं. कुठंतरी सुटका असेल अशी आशा. आहे. नायक भांडी घासतो, मार खातो, चढत चढत जहाजाचा मेट होतो. मग मॉड ब्रूस्टर नावाची कवयित्री समुद्रातून वर येते आणि ती निघते ह्यानंच परीक्षण लिहिलेली! पॅसिफिक महासागरात वाङ्मयीन परिचय. दोघं होडीतून पळून एका ओसाड बेटावर जातात आणि, वाचकहो, दोन वेगळ्या झोपड्या बांधतात. अँब्रोझ बिअर्ससारख्या त्या काळच्या लेखकालाही लार्सन फार आवडला, प्रेमप्रकरण मुळीच नाही. माझंही मत तेच. वादळात सापडलेली माणसं साहित्य संमेलनात असल्यासारखी बोलतात.

पण एका गोष्टीपुढं मी परीक्षणाची लेखणी खाली ठेवली. आंधळा झालेला लार्सन मोडक्या 'घोस्ट'सह त्याच बेटाला लागतो. त्या जहाजाच्या पडलेल्या डोलकाठ्या ही दोघं पुन्हा उभ्या करू लागतात. लार्सन रात्री येऊन केलेलं काम उधळतो. सकाळी हे पुन्हा दोर आणि कप्प्या घेऊन हजर. खरं प्रेमपत्र ते! लंडन स्वतः १८९३ साली, सतराव्या वर्षी, असल्याच सीलच्या जहाजावर खलाशी होता. त्या पानांतल्या दोरांना हाताचा घाम लागलाय.

"अहो, वाचून झालं असेल तर एवढे बटाटे सोला," आतून आवाज आला.

नायकालाही हेच काम लागलं होतं. मी बाह्या सरसावल्या. पाच बटाटे झाल्यावर बायकोनं सालं उचलून उजेडात धरली. निम्मा बटाटा सालींबरोबर गेला होता.

"मामंजी अख्खी साल एका लांबीत काढायचे," ती म्हणाली. "आरपार दिसायचं तिच्यातून."

हे मला ठाऊकच नव्हतं. सहावा बटाटा मी सावकाश फिरवला. साल तिसऱ्या वळणाला तुटली.