नव्वदीतले कंडक्टर

कलावंतानं वेळेत थांबावं, लोक हळहळत असतानाच रंगमंचावरून उतरावं, हे माझं मत अगदी ठाम होतं. गळा गेल्यावरही नावावर मैफिली करत राहिलेले गवई मी ऐकले आहेत. त्यांच्यावर प्रेम असल्यामुळेच ते ऐकवत नसे. पाश्चात्त्य सिंफनी ऑर्केस्ट्राच्या कंडक्टरांना मी हाच नियम लावायचे, किंबहुना जास्तच कडकपणे. गवयाचा सूर हलला तर त्याचा एकट्याचा बेरंग होतो. कंडक्टर चुकला तर समोर बसलेले ऐंशी-नव्वद वादक त्याच्यासोबत गोत्यात येतात.

वाद झाला की मी कंडक्टर तोस्कानिनींचं नाव पुढे करायचे. ४ एप्रिल १९५४, न्यूयॉर्कचा कार्नेगी हॉल, वाग्नरचं संगीत, रेडिओवरून थेट प्रक्षेपण. दृष्टी अधू म्हणून हा माणूस अख्ख्या रचना तोंडपाठ करून उभा राहायचा. त्याच्या स्मरणशक्तीचा दोन खंडांत दबदबा होता. त्या दिवशी ८७ वर्षांचे तोस्कानिनी मध्येच हरवले. पुढचं काही आठवेना. ती त्यांची शेवटची जाहीर मैफल ठरली. एवढ्या मोठ्या माणसावर ही वेळ येऊ नये, दहा वर्षं आधी थांबायला हवं होतं, असं मी म्हणत असे.

या मताला पहिला तडा गेला तो कंडक्टर पियेर माँत्यूंबद्दल वाचताना. २९ मे १९१३ रोजी पॅरिसमध्ये स्त्राविन्स्कीच्या ‘राइट ऑफ स्प्रिंग’चा पहिला प्रयोग झाला. प्रेक्षागृहात इतका गदारोळ माजला की संगीत ऐकू येईना, तरी माँत्यूंनी प्रयोग शेवटपर्यंत नेला. पन्नास वर्षांनी, १९६३ मध्ये, लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्यांनीच ती रचना पुन्हा सादर केली, तेव्हा स्त्राविन्स्की श्रोत्यांत होते. त्याच्या दोन वर्षं आधी, वयाच्या ८६व्या वर्षी, माँत्यूंनी लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राचं प्रमुखपद स्वीकारलं होतं. करार मागितला पंचवीस वर्षांचा, वर आणखी पंचवीस वर्षं वाढवता येईल या अटीसह! पूर्वी हे मी एका म्हाताऱ्याचा मिश्किलपणा म्हणून सोडून दिलं असतं. पण त्यांच्या उतारवयातल्या ध्वनिमुद्रिका ऐकत गेले आणि त्या माणसाला खरोखरच तेवढं काम शिल्लक दिसत असणार, असं वाटू लागलं.

मग मी कंडक्टरांचे हात पाहायला लागले. गाणाऱ्याचं शरीर हेच त्याचं वाद्य, ते झिजणारच. कंडक्टरच्या हातातून एकही स्वर निघत नाही. ठोका पडण्याआधी हात वर जातो, त्या उचलण्यातच लय, जोर आणि वादकांनी घ्यायचा श्वास सांगून झालेला असतो. तिशीतला कंडक्टर हे सांगायला खांद्यापासून हात फिरवतो. हर्बर्ट ब्लॉमस्टेट यांच्या अलीकडच्या चित्रफिती पाहा. जन्म १९२७ चा. खुर्चीवर बसलेले, हातात बॅटनसुद्धा नाही. डाव्या हाताची बोटं किंचित उघडतात आणि चेलोंचा आवाज भरून येतो, तळवा जरासा खाली झुकतो आणि मागचे हॉर्न नरम पडतात. एवढ्यावर काम भागतं, कारण ती रचना त्यांनी साठ-सत्तर वर्षं वाचलेली असते आणि नको ते सगळं हातातून गळून गेलेलं असतं. व्हिएन्ना फिलहार्मोनिकसमोर ते पहिल्यांदा उभे राहिले २०११ मध्ये, ८३व्या वर्षी. माझा नियम त्यांनी पाळला असता तर ते व्हिएन्नाला पोहोचलेच नसते.

आपल्या मुंबईत २०२३ च्या ऑगस्टमध्ये एनसीपीएला झुबिन मेहतांनी सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचं संचालन केलं. वय ८७, म्हणजे नेमकं तोस्कानिनींचं. तेही बसूनच. हा तोच मुंबईकर, ज्यानं २६व्या वर्षी लॉस एंजेलिस फिलहार्मोनिक हाती घेतलं होतं. त्यांचे वडील मेहली मेहता मला अधिकच भावतात. १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी उभी करणाऱ्या मेहलींनी १९६४ मध्ये लॉस एंजेलिसला तरुणांचा ऑर्केस्ट्रा काढला आणि नव्वदीच्या उंबरठ्यापर्यंत विशीतल्या पोरापोरींकडून माहलर, ब्राम्स वाजवून घेतला. त्या मुलांना वेळेत निवृत्त झालेला गुरू मिळाला असता, तर त्यांचं काय भलं होणार होतं?

जुन्या मताचा एक तुकडा मात्र मी सोडलेला नाही. प्रमुख कंडक्टरचं पद ही सत्ता असते. वर्षभरात काय वाजवायचं, कोणाला बोलवायचं, रिकाम्या जागी कोण बसणार, यात त्याचा शब्द चालतो. ही सत्ता वेळेत पुढच्या पिढीकडे जायला हवी. क्लाउस मॅकेला यांचं नाव आम्स्टरडॅमच्या कॉन्सर्टखेबाऊ ऑर्केस्ट्रानं ते २६ वर्षांचे असताना जाहीर केलं, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. इस्राएल फिलहार्मोनिकनं झुबिन मेहतांना १९८१ मध्येच तहहयात पद दिलं होतं, तरी २०१९ मध्ये त्यांनी ते सोडलं आणि तिशीतले लाहाव शानी त्या जागी आले. मेहतांनी पद सोडलं, संचालन सोडलं नाही. या दोन गोष्टी वेगळ्या काढणं मला पूर्वी जमलं नव्हतं.

त्याच २०१९ च्या सप्टेंबरात बर्नार्ड हाइटिंक वयाच्या ९०व्या वर्षी स्वतःहून थांबले. लुसर्नला, व्हिएन्ना फिलहार्मोनिकबरोबर, ब्रुकनरची सातवी सिंफनी सादर करून. पूर्वी मी ते सगळ्यांसाठी उदाहरण म्हणून सांगितलं असतं. आता तो फक्त हाइटिंकांचा निर्णय म्हणून सांगते आणि त्याचा मान राखते. ब्लॉमस्टेट त्यांच्याहून जवळजवळ दोन वर्षांनी मोठे, आणि हाइटिंक थांबल्यावरही ते व्यासपीठावर येत राहिले. वादक बोलावतात तोवर त्यांनी यावं.